गूळ, साखर आणि फडणीसांची जीभ

म्हैसूरजवळचे बेळगोळ हे कृष्णराजसागराच्या परिसरातील गाव. कावेरीच्या याच पाण्यावर मंड्याच्या मुलखात ऊस फोफावला आणि १९३३ साली तेथे मैसूर शुगर कंपनी स्थापन झाली. अशा उसाच्या प्रदेशात, मग तो मंड्याचा असो वा कोल्हापूरचा, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार जडलेल्या मनुष्यास एक प्रश्न हमखास पडतो: साखर सोडली, तर चहात घालावे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना गोडव्याचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. १८७९ साली बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतून परतलेल्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना जेवताना आपली बोटे गोड लागली. सॅकरीन हाती आले ते असे. हे द्रव्य मुख्यतः लघवीवाटे, जसेच्या तसे बाहेर पडते. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात त्यामुळे गाठी आढळल्या आणि जगभर घबराट पसरली. त्या गाठींमागील प्रक्रिया मानवास लागू पडत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. २००० साली अमेरिकेने सॅकरीनला कर्ककारकांच्या यादीतून वगळले.

१९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन गुंफत होते. प्रा. लेस्ली हफ यांनी पदार्थाची ‘टेस्ट’ करण्यास, म्हणजे चाचणी घेण्यास सांगितले. फडणीसांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव असे ऐकले आणि पदार्थ जिभेवर ठेवला. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असे सुक्रालोज जन्मास आले. त्याचा बहुतांश भाग आतड्यातून न शोषला जाताच निघून जातो.

मग मूत्रपिंडाच्या रुग्णाने हे निःशंक घ्यावे काय? इतके सरळ नाही. २०११ साली ज्युली लिन आणि गॅरी कुरहान यांनी अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज दोन किंवा अधिक ‘डाएट’ शीतपेये घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचे कार्य मंदावण्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. हा संबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. शिवाय कोलात फॉस्फोरिक आम्ल असते आणि दुबळ्या मूत्रपिंडास फॉस्फरसचा निचरा जड जातो. म्हणजे दोष गोडव्याचा की पेयाचा, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही.

खरी गफलत अन्यत्र होते. ‘अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम’ हे नाव वाचून रुग्ण दचकतो. वस्तुतः कपभर चहास ते काही मिलिग्रॅमच पुरते. उलट ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्तपणे घेतलेल्या गुळाच्या एका खड्यात त्याहून अनेक पटींनी अधिक पोटॅशियम असते. ज्याच्या रक्तात ते आधीच वाढले आहे, त्याच्या हृदयास हा खडा घातक ठरू शकतो. मधुमेह असेल, तर गूळ रक्तशर्कराही वाढवतोच.

तात्पर्य, चिमूटभर सुक्रालोज बहुतेकांस चालते, ‘डाएट’ कोला टाळावा आणि गूळ आपल्या रक्ततपासणीचा अहवाल आहारतज्ज्ञास दाखवल्यावाचून घेऊ नये. आपल्या घरी साखरेची जागा कोणी घेतली आहे?