खटला थांबतो, माणूस अडकतो

खालापूर तालुक्यातल्या साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुक्या मासळीचे ढीग लागतात, घाटावरची माणसं वर्षाची बेगमी करून नेतात. त्या गर्दीत समजा, एका भ्रमिष्ट वाटसरूने दुकानदाराच्या डोक्यात लोखंडी वजन घातलं. पोलिसांनी त्याला खालापूरच्या कोर्टात उभं केलं. साहेबांनी नाव विचारलं, तर तो भलत्याच कुणाशी बोलत राहिला. आपल्यावरचा आरोपच ज्याला उमगत नाही, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, हे कायदा मानतो. पण मग त्या माणसाचं करायचं काय?

आपल्याकडचं उत्तर लंडनहून आलं. १५ मे १८०० रोजी जेम्स हॅडफिल्डने नाटकगृहात तिसऱ्या जॉर्ज राजावर गोळी झाडली. तो वेडा ठरून निर्दोष सुटला, पण त्याला मोकळा सोडायला सरकार धजेना. घाईघाईने कायदा झाला: असा माणूस निर्दोष ठरलेला असो की खटल्यालाच अपात्र, राजाची मर्जी असेतोवर त्याला डांबावं. हॅडफिल्ड १८४१ मध्ये कोंडवाड्यातच वारला. मुदत न लिहिण्याची ही खोड १८४९ च्या कंपनी सरकारच्या कायद्याबरोबर इथे रुजली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६४, १९७३ च्या संहितेत ३२८, आणि जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ३६७.

मुदत नसली की काय होतं, ते आसामने पाहिलं. मोरीगावच्या एका आदिवासी तरुणाला १९५१ मध्ये दुखापतीच्या आरोपाखाली पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं, तरी त्याला घरी न सोडता गुवाहाटीच्या तुरुंगात धाडलं. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला. चोपन्न वर्षं! खटला चाललाच नव्हता.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा आरोपींचा दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायला सांगितलं. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीने जामिनाची वाट रुंदावली: भरती करण्याची गरज नसेल आणि मित्र किंवा नातलग उपचारांची हमी देत असेल, तर गुन्हा कोणताही असो, सोडावं. सारं अडतं ते त्या नातलगापाशी. वाटसरूला तो कुठला? त्याची रवानगी ठाण्याच्या १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयात होण्याचीच शक्यता जास्त.

नातलग सापडतात, हे मात्र खालापूरशेजारच्या कर्जतमध्येच सिद्ध झालंय. डॉ. भरत वाटवाणी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावरून आणलेली माणसं उपचारांनंतर गावाचं नाव सांगू लागतात, आणि कार्यकर्ते त्यांना परराज्यांतही घरी पोचवतात. याच कामासाठी वाटवाणींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोर्टातल्या आरोपीसाठी हीच शोधाशोध कुणी करायची, ते संहितेच्या या कलमांत नाही. ती तालुका विधी सेवा समितीकडे सोपवावी: बोलीवरून मुलूख ओळखणं, घरच्यांना खालापूरला आणणं, आणि सहामाही रिपोर्ट ठाण्याहून न्यायाधीशांपुढे येतोय की नाही, यावर डोळा ठेवणं.