संध्याकाळी सहा ते सात : ब्रिटनच्या कोऱ्या पडद्याचा इतिहास

१/
१९५० च्या दशकातील ब्रिटनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले की दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण थांबत असे. सात वाजता ते पुन्हा सुरू होई. मधला संपूर्ण तास पडदा कोरा! ना यंत्रात बिघाड, ना विजेची टंचाई. घरातील लहान मुलांना वेळेवर झोपवता यावे, एवढ्यासाठी हा तास रिकामा ठेवलेला होता.

२/
या तासाला ‘टॉडलर्स ट्रूस’ असे नाव पडले, म्हणजे चिमुकल्यांसाठी केलेला तह. मुलांचे कार्यक्रम संपले की प्रक्षेपण बंद, आणि मोठ्यांचे कार्यक्रम सुरू होण्याआधी पालकांना एक तास मोकळा. ‘आणखी थोडे पाहू दे ना’ या हट्टाला जागाच उरत नसे, कारण पाहण्याजोगे काही नसेच.

३/
सरकारला हे शक्य कसे झाले? त्या काळी ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पोस्टमास्टर जनरल या मंत्र्याच्या अखत्यारीत येत असे. दिवसातून किती तास आणि केव्हा प्रक्षेपण करायचे, हे तोच ठरवी. १९५५ पर्यंत वाहिनीही एकच होती, बीबीसी. एका ठिकाणी कळ फिरवली की साऱ्या देशाचा पडदा विझत असे.

४/
हे वर्षानुवर्षे निर्वेध चालले. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. सुमारे दोन कोटी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. या सोहळ्यानंतर दूरचित्रवाणी संचांचा खप वाढला आणि ही चैनीची वस्तू मध्यमवर्गीय दिवाणखान्यात येऊन बसली. तरीही सहाचा तास कोराच राहिला.

५/
त्याला पहिला तडा गेला २२ सप्टेंबर १९५५ रोजी. त्या दिवशी आयटीव्ही ही व्यापारी वाहिनी सुरू झाली. बीबीसीचा खर्च परवाना शुल्कातून भागत असे. आयटीव्हीच्या कंपन्या मात्र जाहिरातींवर जगत. कोऱ्या पडद्यावर जाहिरात कशी दाखवणार? सुरुवातीच्या काळात मोठा तोटा सोसणाऱ्या या कंपन्यांना संध्याकाळचा तो तास डोळ्यांत खुपू लागला.

६/
बीबीसीला मात्र घाई नव्हती. तिच्या दृष्टीने एक तास वाढणे म्हणजे खर्च वाढणे. शुल्काचे उत्पन्न तेवढेच राहणार होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : मुलांच्या झोपेसाठी ठरलेल्या तासावरचा वाद आता जमाखर्चाच्या वहीत लढला जात होता.

७/
निर्णय घेतला पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांनी. हे स्वतः डॉक्टर, आणि युद्धकाळात रेडिओवरून आरोग्याचे सल्ले देणारे म्हणून घराघरांत परिचित. मुलांना केव्हा झोपवायचे हे आईवडिलांनी पाहावे, ते शासनाचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंचे एकमत होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच तारीख ठरवली.

८/
शनिवार, १६ फेब्रुवारी १९५७. तह संपला. त्याच संध्याकाळी बीबीसीने त्या वेळेत ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा तरुणांसाठीचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला, आणि सोमवारपासून ‘टुनाइट’ हा चालू घडामोडींचा कार्यक्रम. जो तास बालकांच्या झोपेसाठी राखला होता, तो आता प्रेक्षक मिळवण्याच्या चढाओढीचा झाला.

९/
पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, मानसशास्त्रज्ञ हिल्डे हिमेलवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘टेलिव्हिजन अँड द चाइल्ड’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहा ते चौदा वयोगटातील मुले रोज सरासरी दोन तासांच्या आसपास दूरचित्रवाणी पाहत होती, आणि त्यातले बरेचसे कार्यक्रम मोठ्यांसाठीचे होते. मुलांच्या पाहण्याशी निगडित असलेल्या गोष्टींत त्यांना आईवडिलांच्या स्वतःच्या सवयीही आढळल्या. सांगण्यापेक्षा वागण्याचा परिणाम अधिक, हे तेव्हाही दिसले होते.

१०/
आज तो तह पुन्हा करता येईल का? कळ आता एका ठिकाणी नाही; ती प्रत्येकाच्या खिशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षांखालील बालकांना पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांचे ऑनलाइन खेळ शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्यावर आणले. एकीकडे सल्ला, दुसरीकडे सक्ती.

११/
तिसरी वाट महाराष्ट्रात दिसली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले : संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास-वाचन करतील. बंधन मोठ्यांनाही.

१२/
लंडनच्या मंत्र्याने हटवलेला तास पासष्ट वर्षांनी एका खेड्याने स्वतःहून मागून घेतला, असे म्हणता येईल. हिल यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलांची जबाबदारी आईवडिलांचीच. पण ‘जबाबदारी तुमची’ असे म्हणून प्रत्येक घराला एकटे सोडले, की शेजारच्या घरातला चालू पडदा तुमच्या घरातला नियम मोडतो. ‘त्याला बघू देतात, मग मला का नाही?’ या प्रश्नाला एकट्या आईपाशी उत्तर नसते. सहाच्या तासाचे बळ सरकारी हुकमात होते तितकेच याही गोष्टीत होते, की तो सर्वांच्या घरी एकाच वेळी येत असे. १९५७ मध्ये नियम गेला, आणि त्याबरोबर ही सोबतही गेली. वडगावच्या भोंग्याने परत आणली ती हीच सोबत.