खतना : प्रथेची भाषा आणि प्रबोधनाची भाषा

दाऊदी बोहरा समाजात सातव्या वर्षाच्या सुमारास मुलींचा ‘खतना’, म्हणजे जननेंद्रियाचा छेद, करण्याच्या प्रथेवर रेहाना घडियाली यांनी १९९१ साली ‘मानुषी’त लिहिले. लेख इंग्रजीत होता. प्रथा मात्र गुजराती वळणाच्या घरगुती बोलीतून आजीकडून नातीकडे येत होती. त्या बोलीत छेदल्या जाणाऱ्या अवयवाला ‘हराम नी बोटी’ म्हणत. निवाडा शब्दातच झालेला! मुंबईत २०१५ साली उभ्या राहिलेल्या ‘सहियो’ने (अर्थात मैत्रिणी) आपले नावही त्याच बोलीतून घेतले, हे मला न्यायालयीन लढ्याइतकेच महत्त्वाचे वाटते. समर्थक स्त्रियांनी ‘खफ्ज’ हा अरबी शब्द पुढे करून ‘विच्छेदन’ नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा वाद मोठ्या पीठाकडे सोपविला.