राज्य नागरी सेवा : ज्येष्ठतेच्या यादीत अडकलेली पदोन्नती

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाचा गावाकडच्या शासनाशी संबंध येतो तो बहुधा जमिनीच्या निमित्ताने. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद पेटला की अपील प्रांताधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागाच्या उपजिल्हाधिकाऱ्याकडे जाते. निवडणूक, दुष्काळ, पूर, पीक पंचनामे, कायदा व सुव्यवस्था ही कामेही याच अधिकाऱ्याची आणि त्याच्या हाताखालील तहसीलदारांची. राज्यातील ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके प्रत्यक्षात चालविणाऱ्या या राज्य नागरी सेवेत गेली अनेक दशके एक असंतोष धुमसत आहे. तो वेतनाचा आहे, दर्जाचा आहे. परंतु मुळाशी गेल्यास तो वेळेचा आहे, असे दिसते.

या सेवेत येण्याच्या वाटा दोन. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून काही जण थेट उपजिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा नायब तहसीलदार होतात. इतर खालच्या पदांवरून पदोन्नतीने तेथवर पोहोचतात. पंचविशीत थेट उपजिल्हाधिकारी झालेला तरुण आणि नायब तहसीलदारापासून एकेक पायरी चढत पन्नाशीजवळ त्याच पदावर आलेला अधिकारी यांची नावे एकाच ज्येष्ठता यादीत असतात. कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, हा प्रश्न अखेर न्यायालयात जातो.

या वादाचे दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्राच्याच प्रकरणांतून आले आहेत. ते महसूल खात्याचे नसून अभियंत्यांचे होते, तरी त्यांचा परिणाम सर्व सेवांवर झाला. १९७७ मध्ये एस. बी. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी, सेवेत कायम होण्याच्या तारखेवर ज्येष्ठता ठरविणे मनमानीचे आहे, असा निर्णय दिला. अधिकाऱ्याला कायम केव्हा करावे हे शासनाच्या मर्जीवर असते आणि कित्येकांना वर्षानुवर्षे कायम केले जातच नाही, हे त्यामागचे वास्तव. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने थेट भरतीच्या अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात हे तत्त्व पक्के केले : नेमणूक नियमानुसार झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजावी; तात्पुरत्या सोयीसाठी, नियम डावलून केलेल्या नेमणुकीचा काळ मात्र धरू नये. तत्त्व स्पष्ट झाले, वाद मिटले नाहीत. कोणती नेमणूक नियमानुसार आणि कोणती केवळ सोयीची, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. १९९१ मध्ये राज्याचे प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाल्यापासून या वादांची पहिली दाद तेथे मागितली जाते.

या यादीवरच भारतीय प्रशासन सेवेचा दरवाजा उघडतो. १९५१ च्या अखिल भारतीय सेवा कायद्याखालील नियमांनुसार त्या सेवेतील वरिष्ठ पदांपैकी जास्तीत जास्त एक-तृतीयांश पदे राज्य सेवेतून भरता येतात. १९५५ च्या पदोन्नती विनियमांप्रमाणे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांच्या किंवा सदस्याच्या अध्यक्षतेखालील समिती दरवर्षी निवड यादी करते. त्यासाठी उपजिल्हाधिकारी पदावरील किमान आठ वर्षांची सेवा लागते, आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीला वयाची ५६ वर्षे पूर्ण झालेली नसावी लागतात. पूर्वी ही मर्यादा ५४ होती. समिती गोपनीय अहवाल पाहून प्रत वारी ठरवते. विभागीय चौकशीत दोषारोपपत्र बजावले असल्यास नाव केवळ तात्पुरते येते. राज्याची ज्येष्ठता यादीच वादात असेल, तर निवड समितीपुढे ठेवायचे काय?

पदोन्नत अधिकारी केंद्राच्या सेवेत गेला तरी त्याची बॅच ठरविताना राज्य सेवेतील वर्षांना ठरावीक प्रमाणातच भार मिळतो. पूर्ण सेवा मोजली जात नाही. थेट भरतीचा अधिकारी चार वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीत येतो आणि तिशीतच जिल्हाधिकारी होतो. त्या जिल्ह्याचा निवासी उपजिल्हाधिकारी अनेकदा वयाने त्याच्या वडिलांच्या बरोबरीचा असतो. ही बोच खरी आहे. परंतु दिल्लीची परीक्षा सर्वांना खुली असते, म्हणून तिला अन्याय म्हणणे पूर्णतः पटत नाही.

महसूल सेवेबाहेरच्या अधिकाऱ्यांची वाट याहून अरुंद. गटविकास अधिकारी, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, विविध खात्यांतील वर्ग एकचे अधिकारी यांच्यासाठी १९९७ च्या निवड विनियमांची वाट आहे. पण तिची मर्यादा पदोन्नतीच्या कोट्यातील कमाल १५ टक्के. त्यामुळे या संवर्गांत सरसकट समाधान अशक्यच.

आरक्षणाचा प्रश्न याच गुंत्यात येतो. पदोन्नतीतील आरक्षण देणारा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सर्व पदे ज्येष्ठतेनुसार भरण्याचा मार्ग धरला, आणि मागासवर्गीय अधिकाऱ्यांत त्यावरून तीव्र नाराजी उमटली. एका गटाला जो दिलासा वाटतो तो दुसऱ्याला हक्काची हानी वाटते. यादी पुन्हा अस्थिर होते.

दर्जाच्या मागण्या जास्त ठळकपणे समोर येतात. नायब तहसीलदार हे राजपत्रित वर्ग दोनचे पद असूनही ग्रेड वेतन ४३०० रुपयांचे, ते ४८०० करावे, या मागणीसाठी एप्रिल २०२३ मध्ये राज्यभर तहसीलदार व नायब तहसीलदारांनी काम बंद ठेवले. पदोन्नती न मिळणाऱ्यांसाठी शासनाने दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर लाभ देणारी सुधारित आश्वासित प्रगती योजना आणली आहे. तिने पगार पुढे जातो. दारावरची पाटी तीच राहते.

संघटनांच्या भाषणांत बहुतेक रोख दिल्लीकडे आणि थेट भरतीच्या साहेबांकडे असतो. घरातली ज्येष्ठता यादी वेळेवर अंतिम करून घेण्याची मागणी त्या मानाने हळू आवाजात होते, कारण ती करताना संघटनेतल्याच एका गटाला दुखवावे लागते.

यात निवृत्तीचे वय आणखी भर घालते. महाराष्ट्र शासनाचा अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, भारतीय प्रशासन सेवेतील ६० व्या वर्षी. राज्याची मर्यादा ६० करावी, ही राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघाची जुनी मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत निवड यादीत नाव येणे म्हणजे पदाबरोबर सेवेची दोन वर्षे मिळणे. यादी उशिरा निघाली तरी पात्रता त्या त्या वर्षाच्या १ जानेवारीचीच धरली जाते, हे खरे. पण मधल्या काळात एखादा निवृत्त होऊन घरी बसलेला असतो, आणि ज्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारीपद त्याच्या वाट्याला आले असते, तेथे दुसरा कोणी कामाला लागलेला असतो.