लिनक्सवर पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क दिसत नसेल तर

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पांढुर्णा-सौंसर भागातल्या घरांत त्या काळचे संगणक अजून चांगले चालतात, पण त्यांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ बसत नाही. मग नागपूर-पुण्याला असलेली मुले दिवाळीला घरी आली की उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवून देतात आणि परत जातात. सी-डॅकची बॉस ही भारतीय आवृत्तीही याच कुळातली. काम छान चालते. अडचण येते ती एखाद्या दिवशी पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर काहीच आले नाही तेव्हा.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे फॉरमॅट करू नये. पुष्कळ जण ती डिस्क शेजारच्या विंडोज संगणकाला लावतात. तिथे ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी सूचना येते आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. आपल्याकडे अशा डिस्कवर काय असते? गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठावरून काढलेले फोटो, लग्नांच्या चित्रफिती, शेताच्या खसऱ्याच्या स्कॅन प्रती, आणि बहुतेक वेळा त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. डिस्क दिसत नाही याचा अर्थ मजकूर गेला असा होत नाही.

बँकेत संध्याकाळी रोख जुळली नाही तर आम्ही नवी वही सुरू करत नसू. फरक कोणत्या पानावर पडला ते शोधत असू. इथेही तेच करायचे. वीज, तार, डिस्कची ओळख, तिच्यावरचे विभाग आणि शेवटी फाइली उघडणे, अशा पायऱ्या असतात. गाडी कुठल्या पायरीवर अडली ते कळले की उपाय सापडतो.

सुरुवात विजेपासून करावी, कारण अर्धे दुखणे तिथेच असते. जुन्या यूएसबी २.० खोबणीतून नियमाने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. फिरत्या चकतीच्या डिस्कला सुरू होतानाच जास्त लागतो, म्हणून ती दिवा लावते पण फिरत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या खोबणीऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खोबणीत लावून पाहावे. मधला हब काढून टाकावा. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. तो चालू आहे ना, हे आधी पाहावे. तारही बदलून पाहावी. मोबाइलच्या काही तारा फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून मजकूर जातच नाही.

एवढे करूनही दिसली नाही तर टर्मिनल उघडावे. यात भिण्यासारखे काही नाही. खाली दिलेल्या आज्ञा फक्त पाहतात, काही बदलत नाहीत. इंग्रजी लहान अक्षरांत एल-एस-यू-एस-बी असे सलग टाइप करून एंटर दाबावे. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. डिस्क काढून आणि पुन्हा लावून दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. नवी ओळ येत नसेल तर अडचण वीज, तार किंवा डिस्कच्या आतल्या कार्डात आहे. लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही.

ओळ येत असेल तर एल-एस-बी-एल-के टाइप करावे. इथे आकारासह डिस्कची यादी मिळते. संगणकाची स्वतःची डिस्क बहुधा एस-डी-ए किंवा एन-व्ही-एम-ई नावाने असते आणि बाहेरची एस-डी-बी. पण नावावर विसंबू नये, आकारावरून ओळखावे. एस-डी-बी आहे आणि तिच्याखाली एस-डी-बी-१ असा विभाग आहे, तर डिस्क ओळखली गेली आहे, फक्त उघडलेली नाही. मग मेनूतला ‘डिस्क्स’ हा कार्यक्रम उघडून तो विभाग निवडावा आणि त्रिकोणाचे बटण दाबावे. पुष्कळदा एवढ्यावर भागते.

ते बटण दाबूनही चूक आली तर विभाग कोणत्या पद्धतीचा आहे ते तिथेच लिहिलेले असते. एनटीएफएस असेल आणि डिस्क विंडोजमधून उपटून काढलेली असेल, तर तिच्यावर ‘अर्धवट’ अशी खूण राहते आणि लिनक्स ती उघडायला नकार देते. फोटोंची दुसरी प्रत नसेल तर आधी प्रत काढण्याचा प्रयत्न करावा. मग विंडोज संगणकावर त्रुटी तपासून घ्यावी आणि ‘सुरक्षित काढा’ वापरूनच काढावी. एक्सफॅट असेल (६४ जीबी आणि त्याहून मोठ्या मेमरी कार्डांवर साधारण हेच असते) आणि लिनक्स फार जुने असेल, तर आवृत्ती अद्ययावत करावी. लिनक्सच्या गाभ्यात याची सोय ५.४ पासून आहे. एस-डी-बी दिसते पण खाली एकही विभाग नाही, तर विभागांची नोंद बिघडलेली असू शकते. यासाठी टेस्टडिस्क हे मोफत साधन आहे. त्याच्यासोबतचे फोटोरेक फोटो परत काढते, पण जुनी नावे मिळत नाहीत.

कारण कळतच नसेल तर लिनक्सची नोंदवही वाचावी. एस-यू-डी-ओ, मग जागा, डी-एम-ई-एस-जी, पुन्हा जागा, आडवी रेघ आणि डब्ल्यू असे टाइप करून पासवर्ड द्यावा आणि त्यानंतर डिस्क लावावी. शेवटच्या ओळींत ‘डिस्क्रिप्टर रीड’ आणि उणे ७१ आले तर बहुतेक वेळा तार किंवा वीज. ‘आय-ओ एरर’ वारंवार आले तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होत आहे.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर वर सांगितलेले सारे सोडून ती लगेच काढून ठेवावी. दर वेळी चालू केल्यावर नुकसान वाढते. आवाज नाही, पण वाचताना चुका येतात, तर आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग नकलेवर करावेत. परत काढलेल्या फाइली त्याच बिघडलेल्या डिस्कवर कधी ठेवू नयेत.

निरोगी डिस्क काढतानाही एक सवय हवी. लिनक्स फाइलींचा काही भाग आधी स्मृतीत ठेवते आणि मागाहून डिस्कवर लिहिते, म्हणून पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी लिहिणे चालू असू शकते. फाइल व्यवस्थापकात डिस्कच्या नावाशेजारचे ‘काढा’ चिन्ह दाबून संदेश येईपर्यंत थांबावे. मोठ्या चित्रफितीसाठी एखादे मिनिटही लागते.

शेवटी दुकानात न्यावीच लागली, मग ते पांढुर्ण्यात असो की नागपुरात, तर डी-एम-ई-एस-जी मधल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळींचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा आणि ‘मजकूर हवा आहे, फॉरमॅट करू नका’ असे पावतीवर लिहून घ्यावे.