धोकादायक इमारत, पण घर सोडवत नाही

पावसाळा जवळ आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची. नोटिसा लागतात, पाणी-वीज तोडायची भाषा होते, तरी माणसं तिथेच. माझा विषय ऐकला की हमखास प्रश्न येतो, "जिवापेक्षा घर मोठं आहे का?" मीही सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन बसले होते. नंतर कळलं की विचारायला हवं होतं ते वेगळंच: बाहेर पडल्यावर त्या भाडेकरूच्या हातात कायद्याने काय उरत होतं?

थोडं मागे जाऊ. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. नंतरच्या घरांना पहिल्यांदा ठरलेलं भाडं. युद्धकाळातली टंचाई बघता हे समजण्यासारखं होतं. पण ते तसंच राहिलं. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं सांगितलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. तीही जुन्याच भाड्यावर, बरं का.

याच कायद्याचं कलम १४ जरूर वाचा. घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने केलं नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा भाडं महिना १०० रुपये. म्हणजे वर्षाला फक्त ३००. त्यात जिन्याचा कठडासुद्धा होत नाही! मालकाचा हिशोबही फार वेगळा नाही: १,२०० रुपयांच्या उत्पन्नावर तो स्लॅब कशाला बदलेल? मालकाला नुसतं खलनायक ठरवणारे प्रबंध मला म्हणूनच अपुरे वाटतात.

मुंबई शहरात यावर १९६९ च्या कायद्याने तोडगा काढला: उपकर घ्या, दुरुस्ती मंडळ दुरुस्ती करेल. ही सोय बेटावरच्या शहरापुरती. नौपाड्यातली किंवा डोंबिवलीतली पागडीची इमारत ‘उपकरप्राप्त’ नाही, त्यामुळे तिच्यासाठी असं मंडळही नाही.

आता मूळ मुद्दा. २००० मध्ये केरळातल्या एका जळालेल्या दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वास्तू नष्ट झाली की भाडेकरूचा हक्कही संपतो. म्हणजे इमारत पडली किंवा पालिकेने पाडली, तर मालकाकडे मोकळी जमीन आणि भाडेकरू रस्त्यावर. हा निकाल उलटला तो २०१४ मध्ये. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीबद्दलच्या शहा रतनशी खिमजी खटल्यात न्यायालयाने म्हटलं की भाडेपट्टा जमिनीसकट असतो, इमारत गेली तरी तो संपत नाही. मधल्या चौदा वर्षांत घर न सोडणाऱ्याला अडाणी म्हणणं कितपत बरोबर? तो कायदा नीटच ओळखून होता.

२०१४ नंतर भीती जायला हवी होती. पण कागदावरचा हक्क आणि पुन्हा उभं राहिलेलं घर यांत बरंच अंतर असतं. २८ जुलै २०१५ ला ठाकुर्लीत ‘मातृछाया’ कोसळली, ९ जण गेले. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, नौपाड्यात ‘कृष्ण निवास’ पडली, १२ जण गेले.

ताब्याचा हाच हिशोब नव्या बेकायदा बांधकामांतही दिसतो, फक्त उलट्या बाजूने. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळच्या ‘लकी कंपाउंड’मध्ये ७४ माणसं मेली. वरच्या मजल्यांचं काम चालू होतं आणि खाली कुटुंबं राहत होती. राहती इमारत पाडणं पालिकेला जड जातं, हे बिल्डर लोकांना पक्कं माहीत असतं.

या विषयावर काम करणार असाल तर एक सांगते: पालिकेची यादी इमारतींच्या अवस्थेचा पुरावा म्हणून सरळ वापरू नका. ती तपासणीची यादी आहे. कोण तपासायला गेलं, कुणाच्या अर्जावरून गेलं, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. काही वेळा यादीत नाव यावं ही धडपड मालकाची असते, कारण सी-१ शिक्का म्हणजे रिकामी जागा. म्हणून यादीसोबत लघुवाद न्यायालयातले आणि दिवाणी दावे काढा, आणि प्रत्येक इमारतीत नोटीस आधी आली की दावा, ती तारीख आधी बघा.