आधी वॉर्ड, मग पदवी

चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत १९६४ साली परिचर्या महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिथला पहिला अभ्यासक्रम शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींसाठी नव्हता. तो होता पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे नर्सिंगची पदविका घेऊन वॉर्डात पाय घट्ट रोवलेल्या परिचारिकांसाठी. मूळ संस्था १९६२ची, प्रतापसिंग कैरों मुख्यमंत्री असतानाच्या पंजाबची. तिच्या नेहरू रुग्णालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९६३मध्ये केले आणि १९६७मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. शाळेनंतर थेट प्रवेश देणारा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम मात्र तिथे पुष्कळ उशिरा आला. हा क्रम प्रशासकीय सोयीतून आला असेलही, पण माझ्या मते तो बरोबर होता. भारतातल्या नर्सिंग शिक्षणाने त्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षे टाळलेला एक प्रश्न त्यामुळे समोर आला: परिचारिकेला नेमके काय कळते?

तोवरचा प्रश्न वेगळा होता: या कामाला येणार कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रुग्णालयांत परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येते. पुण्यात १९०९मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभारले आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, परजातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची. ब्राह्मण घरातल्या विधवेने यातले काहीही करणे तेव्हाच्या पुण्याला रुचणारे नव्हते. म्हणून बळ लावावे लागले ते प्रतिष्ठेसाठी. वसतिगृह, शिस्त, गणवेश, चारित्र्याची हमी. हे सारे आवश्यक होते. रमाबाईंचे मोठेपण त्यातच आहे. पण यातून जी परिचारिका घडली तिचे समर्थन तिच्या शीलावर उभे राहिले, तिच्या ज्ञानावर नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका निघाली. पुढच्या सरकारांना मग मुख्यतः संख्येचीच चिंता लागली. १९४७चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा आला, शिक्षणाचे मानक ठरले, दिल्ली आणि वेल्लोरला १९४६पासून पदवी होतीच. तरी बहुतेक वॉर्डांत परिचारिका म्हणजे डॉक्टरांचा हुकूम बिनचूक बजावणारी, हीच समजूत टिकली.

ज्ञानाचा प्रश्न टाळला गेला, या म्हणण्याला उत्तर म्हणून कुणी चरकाचा दाखला देईल. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाय, आणि परिचारकाकडे उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हवी, असे चरकसंहिता सांगते. दाखला खरा आहे, आणि ज्ञानाला त्यात पहिले स्थान आहे हेही लक्षणीय. पण गुणांची यादी म्हणजे विद्याशाखा नव्हे. ते ज्ञान कोणते, ते कसे तपासायचे, एका परिचारकाने शिकलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवायचे, याची व्यवस्था त्या यादीतून उभी राहिली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नर्सिंगचे सिद्धांत अमेरिकेतून आले. हिल्डगार्ड पेप्लॉ यांचा १९५२चा, डोरोथिया ओरेम यांचा १९७१चा. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेसाठी १९६०मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत चौदा मूलभूत गरजा मांडल्या: श्वास, अन्न, झोप, स्वच्छता, अगदी आपल्या श्रद्धेप्रमाणे पूजाअर्चासुद्धा. रोग्याकडे बळ, इच्छा आणि ज्ञान असते तर जे त्याने स्वतः केले असते ते परिचारिकेने करावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आता पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मूहून पेशंट पीजीआयमध्ये येतो तो एकटा येत नाही. त्याला भरवणारी, पुसणारी, कूस बदलणारी माणसे बरोबर असतात. नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या सरकारी वॉर्डात हे प्रमाण पाळले जाते असे कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. मग हेंडरसनबाईंचे पुस्तक इथे काय कामाचे?

माझे उत्तर असे, की ते इथेच जास्त कामाचे आहे. सारे काही स्वतःच्या हाताने करणाऱ्या परिचारिकेला सिद्धांत नसला तरी एक वेळ चालेल. पण जिथे बेडसोर टाळणे रोग्याच्या सुनेच्या हाती आहे, तिथे तिला काय शिकवायचे, केव्हा आपण हात घालायचा आणि केव्हा मागे सरायचे, हे ठरवायला विचारांची चौकट लागते. ओरेम यांनी परिचर्येच्या तीन पद्धती सांगितल्या: सर्वस्वी करणे, काही अंशी करणे, आणि आधार देऊन शिकवणे. यातली तिसरी आपल्या वॉर्डातला रोजचा व्यवहार आहे, फक्त त्यांनी ती नातेवाइकांना मध्यभागी ठेवून लिहिलेली नाही. ती दुरुस्ती करायला पुस्तकी विद्यार्थिनी पुरणार नाही. दहा-दहा नातेवाइकांशी वाद घालून, समजूत काढून झालेली सिस्टरच सांगू शकेल की सिद्धांत कुठे लागू पडतो आणि कुठे लंगडतो. पोस्ट बेसिक वर्गाचे मोल ते हेच.

पदवीने चांगल्या परिचारिका खाटेपासून दूर नेल्या, ही तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. पदवी घेतलेली सिस्टर ट्यूटर झाली, पर्यवेक्षक झाली, परदेशी गेली. पण रुग्णाजवळ राहून वर चढता येईल अशी पदे आणि वेतनश्रेणी सरकारांनी पुरेशा निर्माण केल्या नाहीत, हा दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारता येत नाही. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात १९४७चा कायदा मागे सारण्याची तरतूद आहे. नव्या आयोगाने प्रवेशाची अट आणि परीक्षा जरूर नीट कराव्यात. पण पदविका आक्रसेल तशी वॉर्डातून वर्गात येणारी वाटही आक्रसू दिली, तर शिक्षणाची पातळी कागदावर वाढेल आणि वॉर्डातल्या सिस्टरला जे ठाऊक आहे ते पुन्हा कुणी लिहून ठेवणार नाही.